दिवसभर चालायचे असेल तर शॉर्ट्स कशी निवडावी

सपाट वाटेवर एक पाऊल साधारण ७५ सेंटिमीटरचे धरले, तर २० किलोमीटरच्या चालीत जवळजवळ २७,००० पावले पडतात. एका मांडीची आतली बाजू दुसरीच्या शेजारून तितक्याच वेळा जाते आणि त्या दोहोंच्या मध्ये जी शिवण, जी घडी किंवा जी ओली दुमड सापडेल, ती तितक्याच वेळा एकाच जागेवरून फिरते. दुकानातल्या आरशासमोर आपण फार तर दहा पावले टाकतो, तीही कोरड्या अंगाने आणि मोकळ्या पाठीने, आणि तेवढ्यावरून ठरवतो की ही शॉर्ट्स छान बसली. लांब पल्ल्याच्या चालीसाठी शॉर्ट्स निवडताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या दहा पावलांत असते.

माझी पहिली चूकही तिथलीच. आठवडाभराच्या चालीसाठी मी जाड सुती कापडाची, सहा खिशांची आणि चामडी पट्टा लावून घालायची शॉर्ट्स नेली होती. एरवी ती वर्षभर अंगावर असल्यामुळे तिच्याबद्दल शंका घ्यावी असे कधी वाटलेच नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाय फाकून चालत होतो, आणि संध्याकाळी सॅक उतरवली तेव्हा बेंबीखाली पट्ट्याच्या बकलाचा चौकोन लालभडक उमटला होता, इतका स्पष्ट की त्याचे चारही कोपरे मोजता यावेत. तेव्हापासून कोणतीही शॉर्ट्स हातात घेतली की मी आधी दोनच जागा पाहतो: मांड्यांच्या आतली बाजू आणि सॅकच्या कंबरपट्ट्याखाली येणारा भाग. रंग, खिसे, कापडाचे नाव, कंपनी हे सगळे त्यानंतर येते, आणि हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

मांड्या का लागतात

कोरडी त्वचा कापडावरून बऱ्यापैकी सरकते, ओलसर त्वचा मात्र चिकटते. घाम येऊ लागला की त्वचेचा वरचा थर पाणी शोषून मऊ होतो. त्यामुळे घर्षण वाढते आणि नेमका त्याच वेळी तो थर अधिक नाजूकही झालेला असतो. पुढे घाम वाळतो तेव्हा मागे मीठ उरते आणि कापडाच्या दुमडीत बसलेले त्याचे बारीक खडे पॉलिश पेपरसारखे काम करू लागतात. सकाळचे पहिले दोन तास काहीच जाणवत नाही, पण दुपारी खाण्यासाठी थांबून पुन्हा उठल्यावर पहिल्याच पावलाला चरचरते, याचे कारण हेच: त्या अर्ध्या तासात घाम वाळलेला असतो.

मांड्या फक्त स्थूल माणसांच्याच लागतात हा समज चुकीचा आहे. ज्यांच्या मांड्या भरलेल्या आहेत अशा सडपातळ माणसांनाही हा त्रास होतो, आणि ज्यांच्या मांड्या एकमेकींना टेकतच नाहीत त्यांना जांघेत येणारी जाड शिवण छळते. शॉर्ट्सकडून आपण अपेक्षा करायची ती एवढीच की तिने कातडीवर घासणारी गोष्ट कमी करावी आणि ओल लवकर घालवावी. मिठाचा बंदोबस्त धुण्यानेच होतो, त्याकडे शेवटी येऊ.

पहिली पायरी: टेप घेऊन स्वतःला मोजा

एस, एम, एल या अक्षरांचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या तक्त्यात वेगळा असतो, म्हणून खरेदीपूर्वी स्वतःची चार मापे सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावीत. त्यांतले सगळ्यात महत्त्वाचे माप कोणी घेत नाही, ते असे. पावलांमध्ये नेहमीच्या उभे राहण्याइतके, म्हणजे चार बोटांचे अंतर ठेवून आरशासमोर उभे राहावे आणि मांड्या एकमेकींना जिथपर्यंत टेकतात त्या सर्वांत खालच्या जागेवर पेनाने बारीक खूण करावी. जांघेच्या टोकापासून या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. शॉर्ट्सच्या पायाची आतली लांबी या अंतरापेक्षा किमान चार-पाच सेंटिमीटरने जास्त हवी, कारण चालताना कापड थोडे वर चढणारच असते आणि ते वर चढून खुणेच्या आत शिरले की कातडी कातडीला भिडते. बाजारात ही आतली लांबी बहुधा ५, ७ किंवा ९ इंच, म्हणजे अंदाजे १३, १८ किंवा २३ सेंटिमीटर अशी मिळते. ज्यांच्या मांड्या अजिबात टेकत नाहीत त्यांना १३ सेंटिमीटरची आखूड शॉर्ट्स उत्तम चालते. इतरांनी ती केवळ हलकी आहे म्हणून घेऊ नये.

दुसरे माप मांडीच्या घेराचे. तो सरळ उभे राहून न मोजता एक पाय खुर्चीवर ठेवून, गुडघा वाकवून आणि मांडी आवळून मोजावा, कारण चढ चढताना मांडी त्याच आकाराची असते आणि सरळ उभ्या मापापेक्षा ती चांगलीच जाड भरते. सैल शॉर्ट्सच्या पायाचा घेर या मापाहून सहा-सात सेंटिमीटरने तरी मोठा असावा. तिसरे माप कमरेचे, पण ते बेंबीपाशी घेऊन उपयोग नाही. नितंबाच्या हाडांच्या वरच्या कडेला, जिथे सॅकचा पट्टा बसतो, तिथे घ्यावे. चौथे माप पुढच्या कमरेपासून जांघेतून मागच्या कमरेपर्यंतचे. ते कमी पडले तर खाली बसताना मागची पट्टी खाली घसरते आणि सॅक थेट उघड्या पाठीवर टेकते. रुंद नितंब असलेल्या व्यक्तींना, स्त्री असो वा पुरुष, हे चौथे माप इतर तिन्हींपेक्षा जास्त सतावते, आणि दोन आकारांत घोळ झाला तर त्यांनी मोठा आकार घेऊन कंबर नाडीने आवळणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दुसरी पायरी: शॉर्ट्स उलटी करून पाहा

शॉर्ट्स सुलट बाजूने पाहण्यात वेळ घालवू नये. ती उलटी करावी आणि दोन्ही पाय जिथे जुळतात ती जागा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरावी. साध्या शिलाईच्या पँटमध्ये पुढची, मागची आणि दोन्ही पायांच्या आतली अशा चार शिवणी इथे एकाच बिंदूवर येतात, आणि चिमटीत वाटाण्याएवढी गाठ लागते. ही गाठ नेमकी तिथेच असते जिथे घामही सर्वांत जास्त साचतो. चांगल्या शॉर्ट्समध्ये त्या जागी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा एक स्वतंत्र तुकडा, ज्याला गसेट म्हणतात, लावलेला असतो; त्यामुळे शिवणी एका बिंदूत न येता चारी बाजूंना विखुरतात आणि पाय उचलताना कापड ताणलेही जात नाही. गसेट असलेल्या आणि नसलेल्या शॉर्ट्समधला फरक मोठे दगड चढताना पहिल्याच दिवशी कळतो. माझ्या मते हा एक तुकडा कापडाच्या साऱ्या जाहिरातींपेक्षा मोलाचा आहे.

त्यानंतर शिवणींवरून बोटाचे टोक फिरवावे. कापडाच्या कडा एकमेकींवर सपाट बसवून शिवलेली शिवण, जिला फ्लॅटलॉक म्हणतात, बोटाला जेमतेम जाणवते. ओव्हरलॉक केलेली उभी कड मात्र बोटाखाली दोरीसारखी लागते. पायाच्या आतल्या शिवणीच्या जागेकडेही लक्ष द्यावे. ती मांडीच्या अगदी मधोमध न येता थोडी पुढे सरकवलेली असेल तर घासण्याच्या मुख्य पट्ट्यात सलग कापडच येते. पायाची खालची दुमड जाड आणि कडक असेल तर ती ओली होऊन गुडघ्यामागे किंवा मांडीला लागते. पातळ दुमड आणि बाजूला दोन-तीन सेंटिमीटरची चीर ही उत्तम जोडी. चीर नसेल तर गुडघा वर उचलताना सारी शॉर्ट्स वर खेचली जाते आणि प्रत्येक चढानंतर ती हाताने खाली ओढण्याची सवय लागते.

आतल्या बाजूला शिवलेले लेबलही पाहून घ्यावे. ते मागच्या कमरेला, म्हणजे सॅकच्या उशीखाली येत असेल तर नुसते कात्रीने कापू नये, कारण शिवणीत त्याची दोन टोचरी टोके उरतात आणि ती अख्ख्या लेबलापेक्षा वाईट असतात. ब्लेडच्या टोकाने दोरा उसवून लेबल पुरते काढावे.

तिसरी पायरी: कंबर, सॅकच्या पट्ट्याखालची

नीट बसवलेल्या सॅकचे बहुतांश वजन खांद्यांवर न राहता कंबरपट्ट्यातून नितंबाच्या हाडांवर उतरते. शॉर्ट्सची कंबरही तिथेच असते. म्हणजे दहा-बारा किलोच्या ओझ्याचा मोठा हिस्सा शॉर्ट्सच्या कंबरेतून शरीरावर दाबला जातो, आणि त्या दाबाखाली जे काही कठीण आहे ते हाडात रुतते. लोखंडी बटण, बकल, जाड लूप, खिशाच्या कोपऱ्यावरचे रिवेट, चेनचे टोक या सगळ्यांवर संशय घ्यावा. मागच्या मधल्या लूपची जागा मणक्यावर येते आणि तो सर्वांत त्रासदायक असतो. शॉर्ट्स इतर सर्व बाबतींत पसंत पडली असेल तर तो एक लूप उसवून टाकायला हरकत नाही.

लांब चालीसाठी चांगली ठरणारी कंबर रुंद आणि सपाट इलॅस्टिकची असते, आतून मऊ असते आणि तिला आवळायला नाडी असते. इलॅस्टिक चुन्या पडून आत गोळा झालेले नको, कारण सॅकखाली त्या चुन्यांचे वळ उठतात. नाडी गोल दोरीपेक्षा चपटी बरी, आणि तिची गाठ अगदी मधोमध आली तर सॅकच्या बकलाखाली ती पोटात रुतते, म्हणून गाठ किंचित बाजूला मारून टोके आत खोचावीत. नाडीला आणखी एक कारण आहे. अनेक आठवडे रोज चालणाऱ्यांचे वजन बहुधा उतरते आणि निघताना नेमकी बसलेली कंबर महिन्याभरात घसरू लागते. केवळ बटणावर अवलंबून असलेली शॉर्ट्स तेव्हा कामातून जाते.

शॉर्ट्सची कंबर आणि सॅकचा पट्टा यांच्या मध्ये शर्टाचे टोक येते, याचाही विचार करावा. शर्ट खोचल्याने एक थर वाढतो पण तो सरळ बसतो. न खोचल्याने तो सॅकबरोबर वर सरकून पाठीच्या खालच्या भागात घड्या करतो. मी खोचतो. दिसायला ते थोडे शाळकरी दिसते, पण पाठ शाबूत राहते.

चौथी पायरी: आत काय घालायचे हे आधी ठरवा

बरेच जण शॉर्ट्स निवडतात आणि अंतर्वस्त्र जे घरात असेल ते नेतात. प्रत्यक्षात कातडीला लागणारे कापड अंतर्वस्त्राचे असते, म्हणून दोन्हींचा निर्णय एकत्रच व्हायला हवा. इथे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग धावपटूंच्या शॉर्ट्सचा, ज्यांत आतून जाळीदार अस्तर शिवलेले असते. अमेरिकेतील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या सुमारे ४,२६५ किलोमीटरच्या वाटेसारख्या लांबलचक वाटा एका दमात चालणाऱ्यांमध्ये या शॉर्ट्स लोकप्रिय आहेत, कारण त्या हलक्या असतात, झटकन वाळतात आणि वेगळे अंतर्वस्त्र लागत नाही. अडचण अशी की अस्तर रोज बदलता येत नाही. ते धुवायचे तर पूर्ण शॉर्ट्स धुवावी लागते आणि ती वाळेपर्यंत घालायला दुसरे काही हवे. शिवाय अस्तराची पायाकडची इलॅस्टिक पट्टी जांघेत रुतते का, हे प्रत्येकाच्या बांध्यावर अवलंबून असते. ज्यांना ती रुतते त्यांना कितीही मलम लावून ती शॉर्ट्स मानवत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे बिनअस्तराची सैल शॉर्ट्स आणि आत मांडीपर्यंत येणारे, अंगाला घट्ट बसणारे अंतर्वस्त्र. ज्यांच्या मांड्या टेकतात त्यांना मी हाच मार्ग सुचवतो. घट्ट कापड कातडीबरोबर हलते, आणि घर्षण कातडी व कापडात न होता कापड आणि कापडात होते. अट एवढीच की त्या अंतर्वस्त्राचे पाय वर गुंडाळले जाता कामा नयेत. मघाशी केलेली पेनाची खूण इथेही उपयोगी पडते, कारण हे पायही त्या खुणेच्या खालपर्यंत पोहोचले पाहिजेत. अशी दोन-तीन अंतर्वस्त्रे नेली की एक अंगावर, एक सॅकवर वाळत आणि एक कोरडे अशी पाळी सहज लागते. तिसरा मार्ग, ज्यात घट्ट आतली शॉर्ट्स आणि सैल बाहेरची शॉर्ट्स कमरेला एकत्र शिवलेली असते, तो दिसायला सोयीचा आहे, पण वाळायला सर्वांत जास्त वेळ घेतो.

मासिक पाळीच्या दिवसांत पॅडच्या कडा जांघेत घासतात, आणि घाम व चाल यांमुळे हा त्रास एरवीपेक्षा पुष्कळ वाढतो. कप किंवा शोषक अंतर्वस्त्र वापरण्याची सवय असेल तर चालीत ते जास्त सुखाचे जाते. मात्र नवी वस्तू पहिल्यांदा वापरून पाहण्यासाठी चालीचा दिवस निवडू नये. सायकलस्वारांची गादी लावलेली शॉर्ट्स मऊ वाटते म्हणून ती चालीला नेण्याचा मोह काहींना होतो. ती बसण्यासाठी बनवलेली आहे. चालताना ती गादी घाम पिऊन पायांमध्ये ओल्या बोळ्यासारखी राहते.

पाचवी पायरी: कापड

२० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत नुसते ठेवले तरी कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवतो, नायलॉन सुमारे ४ टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. लोकर तर १५ टक्क्यांच्या आसपास धरते, पण ती ओलावा तंतूच्या आत मुरवते, त्यामुळे हाताला लगेच ओली लागत नाही. घामाने चिंब झाल्यावर खरा प्रश्न तंतूंच्या मधल्या जागेत किती पाणी अडकते हा असतो आणि तिथे जाड सुती कापड सर्वांत मागे पडते: ते फुगते, जड होते, मांडीला चिकटते आणि तासन्‌तास तसेच राहते. कोरड्या, कडक उन्हात एखाद्या दिवसाच्या चालीला सुती शॉर्ट्स निभावून जाते, काहींना तिचा गारवा आवडतोही. अनेक दिवसांच्या चालीला ती नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उरले नायलॉन आणि पॉलिएस्टर. खडकावर बसणे आणि सॅकच्या तळाशी सतत घासणे यांत नायलॉन जास्त टिकतो, तर पॉलिएस्टर थोडा लवकर वाळतो पण घामाचा वास अधिक धरून ठेवतो. बाहेरच्या शॉर्ट्ससाठी विणलेले पातळ नायलॉन, चौरस मीटरला १०० ते १४० ग्रॅम वजनाचे, ही सर्वांत निर्धोक निवड आहे. आतल्या अंतर्वस्त्रासाठी नायलॉन मिश्रित मेरिनो लोकर मऊ असते आणि वास कमी धरते, पण शुद्ध पातळ मेरिनो मांड्यांच्या मध्ये लवकर विरते.

लेबलावर इलास्टेन किंवा स्पँडेक्स असे लिहिलेले दिसते तो ताणणारा धागा १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीतील रसायनतज्ज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला, तो मुळात अंतर्वस्त्रांतल्या रबराला पर्याय म्हणून. बाहेरच्या शॉर्ट्समध्ये तो ५ ते १० टक्के असला तरी पाय मोकळा उचलता येतो. त्याहून जास्त असेल तर कापड वाळायला उशीर लागतो आणि काही आठवड्यांनी गुडघ्यापाशी व बुडाशी ढिले पडते. चांगला गसेट असेल तर ताणणारा धागा मुळीच नसलेली शॉर्ट्सही सुखाने चालवते. पाणी थेंबाथेंबाने ओघळून जावे म्हणून काही कापडांवर लेप दिलेला असतो, पण तो धुण्याने आणि घासण्याने उतरत जातो, त्यामुळे केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

रंगाबद्दल एवढेच की फिकट रंग उन्हात कमी तापतो आणि त्यावर गोचीड चटकन दिसते, तर गडद रंगावर मळ आणि घामाचे पांढरे डाग यांपैकी फक्त मळ लपतो.

खिशांबद्दल थोडेसे

बाजूचे तिरके खिसे सॅकच्या पट्ट्याखाली जातात आणि दिवसभर निरुपयोगी होतात. उपयोगी खिसा तो, जो मांडीच्या बाजूला, पट्ट्याच्या खाली आणि चेनने बंद होणारा असतो. त्यात फोन ठेवून घरातल्या घरात जिना चढून पाहावा. प्रत्येक पावलाला तो मांडीवर आपटत असेल तर खिसा फार सैल किंवा फार खाली आहे. मागचे खिसे नसलेलेच बरे. खिशांचे अस्तर जाळीचे असेल तर ते लवकर वाळते, आणि ओढा ओलांडल्यावर खिशात पाणी साठून राहत नाही.

सहावी पायरी: तीन परीक्षा

पहिली परीक्षा ट्रायल रूममध्येच घ्यावी, आणि त्यासाठी घरून निघताना चालीत घालायचे अंतर्वस्त्र घालून जावे. पूर्ण उकिडवे बसावे, मग एक पाय स्टुलावर किंवा बाकावर ठेवून त्या पायावर वर चढावे, मग मोठे पाऊल पुढे टाकून मागचा गुडघा जमिनीजवळ न्यावा. यांपैकी कशातही कापड जांघेत ओढले गेले, मागची कंबर खाली सरकली किंवा मांडीभोवती आवळले गेले, तर ती शॉर्ट्स तिथेच परत ठेवावी; वापरून सैल होईल ही आशा विणलेल्या नायलॉनच्या बाबतीत बहुधा फोल ठरते. दुकानात सॅक असेल तर तिच्यात काहीतरी वजन घालून पट्टा आवळावा आणि बोटे कंबरेखाली सरकवून कुठे काय रुतते ते चाचपावे.

दुसरी परीक्षा वजनकाट्याची. घरात लहान वजनकाटा असेल तर कोरडी शॉर्ट्स त्यावर ठेवून वजन लिहावे, मग ती दहा मिनिटे पाण्यात बुडवून, हातांनी होईल तितकी घट्ट पिळून पुन्हा वजन करावे. वाढलेले वजन म्हणजे पिळूनही न सुटलेले पाणी. त्यानंतर ती सावलीत टांगून दर अर्ध्या तासाने वजन पाहावे आणि मूळ वजनावर यायला किती वेळ लागतो ते टिपावे. जवळ आधीपासून असलेली जुनी शॉर्ट्स शेजारीच टांगून तुलना केली तर आकड्यांना अर्थ येतो. वाळताना कोणता भाग मागे राहतो तेही हाताने पाहावे. बहुतेकदा पाय वाळून जातात आणि कंबरेचे इलॅस्टिक व खिशांचे कोपरे ओले राहतात, म्हणजे सॅकचा पट्टा बसतो नेमका तोच भाग.

तिसरी परीक्षा चालण्याची, आणि ती टप्प्याटप्प्याने घ्यावी. पहिल्या दिवशी रिकाम्या पाठीने दोन तास, दुसऱ्यांदा पूर्ण वजनाची सॅक घेऊन तेवढेच, आणि तिसऱ्यांदा त्याच सॅकसह १५ ते २० किलोमीटर, ज्यात भरपूर चढ-उतार असावेत. या तिसऱ्या चालीत निम्मे अंतर झाल्यावर बाटलीतले पाणी शॉर्ट्सवर आणि आतल्या कापडावर ओतून ती मुद्दाम भिजवावी आणि तशीच चाल पुरी करावी. लोकांना हे विचित्र वाटते. परंतु पाऊस, ओढे आणि घाम यांनी शॉर्ट्स कधी ना कधी भिजणारच असते, आणि ओल्या कापडाने त्रास दिला तर तो घरापासून तासाभराच्या अंतरावर दिलेला बरा. परतल्यावर अंघोळीपूर्वी चांगल्या उजेडात आरसा धरून कातडी पाहावी: मांड्यांच्या आत, जांघेच्या दोन्ही बाजूंना, नितंबांच्या मधल्या घडीत आणि कंबरेच्या हाडांवर. गुलाबी छटा तासाभरात गेली तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही जी जागा लाल दिसते ती तिसऱ्या दिवशी सोलवटणार असे समजावे आणि शॉर्ट्स, अंतर्वस्त्र किंवा लांबी यांपैकी काहीतरी बदलावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कशाचा होता ते कळते.

शॉर्ट्स घालूच नये अशी वाट

काटेरी झुडपे, खाजऱ्या वनस्पती, जळवा किंवा गोचिडी यांची दाट वाट असेल तर पातळ लांब पँटच योग्य. गोचिडींच्या भागात कपड्यांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाची प्रक्रिया करतात. ते ओले असताना मांजरांना अतिशय विषारी असते, त्यामुळे घरी फवारताना कपडे पूर्ण वाळेपर्यंत मांजर दूर ठेवावे. उंचीवर आणि बर्फावर ऊन खालूनही परावर्तित होते, आणि गुडघ्यामागची कातडी, जिथे सनस्क्रीन लावायचे हमखास राहून जाते, एका दुपारीत भाजते. गुडघ्याशी चेन असलेल्या, पाय काढता येणाऱ्या पँट हा मधला मार्ग म्हणून विकल्या जातात. मला त्या कधी रुचल्या नाहीत, कारण लांब पँट म्हणून घातली की ती चेन गुडघ्यावर येते. त्यापेक्षा शॉर्ट्सवरून चढवता येणारी वाऱ्यापावसाची पातळ पँट सॅकमध्ये ठेवलेली जास्त कामाची.

वाटेवर रोज

मिठाचा हिशेब इथे चुकता करायचा. मुक्कामावर पोहोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, अंग गार पडण्याआधी, मांड्या आणि जांघ साध्या पाण्याने धुवाव्यात, पाणी कमी असेल तर ओल्या फडक्याने पुसाव्यात, आणि कोरडे करून रात्री सैल, कोरडे काही घालावे. शॉर्ट्स आणि अंतर्वस्त्र साबणाशिवाय नुसते खळबळून पिळले तरी बरेचसे मीठ निघून जाते. मात्र हे ओढ्यात न करता भांड्यात पाणी घेऊन काठापासून दूर करावे. सकाळपर्यंत वाळले नाही तर ते सॅकवर बाहेरून अडकवावे. शेकोटीजवळ वाळत घालू नये, कारण उष्णतेने ताणणारा धागा मरतो आणि एका ठिणगीने नायलॉनला भोक पडते. घरी धुताना कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये. ते तंतूंवर जो थर सोडते त्यामुळे घाम शोषला जाऊन पसरण्याची क्रिया मंदावते.

पेट्रोलियम जेली किंवा घर्षणरोधक मलम सकाळी निघण्यापूर्वी, कोरड्या कातडीवर लावावे. दुपारी चरचरू लागल्यावर मिठावरूनच ते फासले तर खडे आत अडकतात, म्हणून आधी जागा धुवावी, कोरडी करावी, मग लावावे. कातडी सोलवटली असेल तर झिंक ऑक्साइडचे मलम बरे, आणि जखम गरम लागू लागली, सुजली, पू दिसला किंवा लाली पसरू लागली तर पुढची चाल थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

प्रत्येक मोठ्या चालीनंतर शॉर्ट्स धुऊन वाळली की ती उजेडाकडे धरावी. सॅकचा तळ जिथे घासतो ते बूड आणि मांड्यांच्या आतली बाजू इथे कापड आधी लोकरल्यासारखे दिसते, मग चाळणीसारखे विरळ होते. लोकरलेले कापड गुळगुळीत कापडापेक्षा कातडीला जास्त लागते, त्यामुळे भोक पडण्याची वाट न पाहता त्याच अवस्थेत ती शॉर्ट्स घरच्या वापराला काढावी, आणि नव्या शॉर्ट्सची भिजवून घ्यायची परीक्षा पुढची चाल ठरण्याआधी उरकून घ्यावी.